वाहिन्या सुट्या विकाव्यात की गठ्ठ्याने? केबल आणि डिशच्या दरांविषयी

ताळेबंद (धागाकर्ता)

१ फेब्रुवारी २०१९ पासून आपल्या देशात कोणतीही सशुल्क वाहिनी सुटी विकत घेण्याचा हक्क ग्राहकाला आहे, आणि तरीही सुट्या वाहिन्या वेचून घेणारे घर आज शोधूनच काढावे लागते. बहुतेक ठिकाणी केबलवाल्याने किंवा डिश कंपनीने सुचवलेला पॅक चालू असतो, त्यातल्या कितीतरी वाहिन्या घरात कोणी कधी लावलेल्या नसतात, आणि दर महिन्याला पैसे देताना तक्रार मात्र होते. केबल कंपन्यांना सुट्या विक्रीची सक्ती करावी की नाही, यावर अमेरिकेत अनेक वर्षे खल झाला. आपल्याकडे नियम झाला, त्यामुळे प्रश्न सुटला असे वरवर वाटते. माझ्या मते तो सुटलेला नाही, आणि त्याचे कारण आकड्यांत सापडते.

सुट्या विक्रीचा पहिला प्रयोग मुंबईने पूर्वीच पाहिला आहे. 'कॅस' नावाची पद्धत (पैसे भरलेल्या वाहिन्याच बॉक्समधून दिसण्याची) २००७ च्या आरंभी दक्षिण मुंबईत आणि दिल्ली व कोलकात्याच्या काही भागांत लागू झाली. चेन्नईत ती २००३ मध्येच आली होती. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, तेव्हा किमान तीस मोफत वाहिन्यांसाठी दरमहा ७७ रुपये आणि सशुल्क वाहिनीला, मग ती कोणतीही असो, जास्तीत जास्त ५ रुपये असा दर ठरवून दिला होता. करांची रक्कम वेगळी होती. इतरत्र जुनीच रीत चालू राहिली, कारण एकाच तारेतून सगळ्या वाहिन्या सगळ्या घरांत जात असताना एखाद्या घरापुरती एखादी वाहिनी बंद ठेवणे केबलचालकाला शक्यच नव्हते. सेट टॉप बॉक्सने ती अडचण दूर केली. मुंबईत २०१२ च्या अखेरीस, पुणे, नागपूर, नाशिक, सोलापूर अशा शहरांत २०१३ पासून, आणि उरलेल्या भागांत मार्च २०१७ पर्यंतच्या मुदतीने बॉक्स सक्तीचा झाला.

त्याच मार्च महिन्यात ट्रायने नवा दर आदेश काढला. न्यायालयीन लढाई होऊन ३० ऑक्टोबर २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला. त्याचा गाभा असा की, प्रत्येक वाहिनीची कमाल किरकोळ किंमत प्रसारकाने (वाहिनी चालवणाऱ्या कंपनीने) जाहीर करावी, ती सुटी उपलब्ध असावी, १९ रुपयांहून महाग वाहिनी गठ्ठ्यात घालू नये, आणि जोडणीचे स्थिर शुल्क (ज्याला सगळे एनसीएफ म्हणतात) पहिल्या शंभर वाहिन्यांसाठी १३० रुपयांहून अधिक नसावे. १८ टक्के वस्तू व सेवा कर धरला की हे शुल्क १५३ रुपये ४० पैसे होत असे. एकही सशुल्क वाहिनी न घेता इतके पैसे द्यावे लागत, ही गोष्ट चर्चेत वारंवार निसटते.

आता सुट्या वाहिन्यांकडे येऊ. मोठ्या हिंदी मनोरंजन वाहिन्यांनी २०१९ मध्ये आपली किंमत नेमकी १९ रुपये ठेवली. जी मर्यादा म्हणून आखली होती, तीच किंमत होऊन बसली. अशा चार वाहिन्या सुट्या घेतल्या तर स्थिर शुल्क आणि करासह महिन्याला २४३ रुपये होत. मात्र अशाच दोन-तीन वाहिन्यांच्या किमतीत त्याच प्रसारकाचा दहा-बारा वाहिन्यांचा गठ्ठा मिळत होता. सुट्या किमतींच्या बेरजेवर ७० टक्क्यांपर्यंत सूट देऊन गठ्ठे विकले जात असल्याचे ट्रायनेच पुढे नमूद केले. ज्या वस्तूवर कायमच ७० टक्के सूट मिळते, तिची छापील किंमत खरी मानण्याचे कारण नाही. सुटी वाहिनी महाग ठेवायची ती विकण्यासाठी नव्हे, गठ्ठा स्वस्त दिसावा म्हणून, असा माझा निष्कर्ष आहे.

म्हणून माझे मत असे की, सुट्या विक्रीचा हक्क योग्य आहे. पण सुटी किंमत आणि गठ्ठ्याची किंमत यांतले अंतर बांधून दिल्याशिवाय तो कागदावरच राहतो. जाणकारांनी आपले मत द्यावे. विषय दरांचा आहे; मालिकांच्या दर्जाची चर्चा कृपया इथे नको.

वाटसरू

लेख मुद्देसूद आहे. एक शंका आहे. हे १३० रुपये कोणाला मिळतात? आमच्या सोसायटीतल्या अनेकांची समजूत आहे की ते वाहिन्यांच्या मालकांना जातात.

जोडणी

वाटसरू यांच्या शंकेचे उत्तर मी देऊ शकतो, कारण आमच्या घरात १९९० च्या दशकापासून केबलचा व्यवसाय आहे. स्थिर शुल्कातला एक रुपयाही प्रसारकाला जात नाही. ते शुल्क मुख्य वितरक (ज्याच्या नियंत्रण कक्षातून सिग्नल येतो) आणि आमच्यासारखा स्थानिक केबलचालक यांच्यात वाटले जाते. दोघांत वेगळा करार झाला नाही तर वितरकाला ५५ टक्के आणि केबलचालकाला ४५ टक्के, असे प्रमाण नियमात आहे. १३० रुपये धरले तर त्यातले ५८ रुपये ५० पैसे आमच्याकडे येतात. तार ओढणे, खांबांची भाडी, ॲम्प्लिफायरची वीज, पावसात तुटलेली जोडणी रात्री जाऊन दुरुस्त करणे आणि वसुलीच्या मुलाचा पगार, हे सगळे त्यात भागवावे लागते.

सशुल्क वाहिनीच्या किमतीतून वितरणाचा मोबदला म्हणून किमान २० टक्के वितरकाकडे राहतात आणि त्याचीही वाटणी होते. १९ रुपयांच्या वाहिनीचे हे २० टक्के म्हणजे ३ रुपये ८० पैसे, आणि ५५-४५ च्या प्रमाणाने आमच्या वाट्याला १ रुपया ७१ पैसे. ग्राहक गठ्ठे टाकून सुट्या तीन वाहिन्यांवर आला, तर आमचे उत्पन्न किती उतरते याचा अंदाज यावरून येईल. केबलवाला मुद्दाम पॅक गळ्यात मारतो, अशी तक्रार ऐकू येते. त्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही, पण त्यामागचा हिशोब हा आहे. त्यातून डिसेंबर २०१८ आणि जानेवारी २०१९ मध्ये प्रत्येक घराचा अर्ज भरून घेण्याचे काम आमच्यावर पडले होते. यादीत शेकडो नावे होती, आणि बहुतेकांनी एकच सांगितले, "जे आत्ता दिसते तेच ठेवा." त्या वाक्यातून सुट्या वाहिन्यांची निवड कशी करायची?

जुन्या पद्धतीत सगळे आलबेल होते असेही नाही. जोडण्यांची खरी संख्या वर कळवली जात नव्हती, हे उघड गुपित होते. महाराष्ट्रात जोडणीमागे करमणूक शुल्क होते, मोठ्या शहरांत दरमहा ४५ रुपये. त्यामुळे संख्या लपवण्याचा मोह दुहेरी होता, प्रसारकाला द्यायचे पैसेही वाचत आणि हे शुल्कही. बॉक्समुळे तो प्रकार संपला, आणि प्रसारकांना बॉक्स हवा होता तो मुख्यतः यासाठी, ग्राहकाच्या निवडस्वातंत्र्यासाठी नव्हे.

अंतर्गोल

धागाकर्त्यांच्या आकडेवारीशी माझा वाद नाही. गठ्ठा म्हणजे फसवणूक, या गृहीताशी आहे. अशा चर्चेत थाळी आणि सुट्या पदार्थांची उपमा हटकून दिली जाते, पण ती येथे लागू पडत नाही. जास्तीची वाटी वाढायला खानावळीला खर्च येतो. एकदा प्रक्षेपित झालेली वाहिनी आणखी एका घरात पोचवायला प्रसारकाला जवळजवळ काहीच खर्च येत नाही. या एका फरकामुळे सगळे गणित बदलते.

दोन घरांचे उदाहरण घेऊ. पहिल्या घराला मराठी मालिकांची वाहिनी १५ रुपयांची वाटते आणि क्रीडा वाहिनी ५ रुपयांची. दुसऱ्या घराला नेमके उलट. दोन्ही वाहिन्या सुट्या १५ रुपयांना विकल्या, तर प्रत्येक घर एकच वाहिनी घेईल आणि प्रसारकाला ३० रुपये मिळतील. दोन्हींचा गठ्ठा २० रुपयांना विकला, तर दोन्ही घरे तो घेतील, प्रत्येक घरात दोन्ही वाहिन्या दिसतील आणि प्रसारकाला ४० रुपये मिळतील. कोणाच्याही पदरी नुकसान आले नाही, आणि जी वाहिनी एरवी अंधारात राहिली असती ती पाहिली गेली. अमेरिकेत चित्रपट कंपन्या दूरचित्रवाणी केंद्रांना चांगल्या चित्रपटांबरोबर सुमार चित्रपट घ्यायला लावत असत; तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्ये ती पद्धत बेकायदा ठरवली. त्यावर जॉर्ज स्टिगलर या अर्थशास्त्रज्ञाने लगेच पुढच्या वर्षी, वर मांडला तसाच युक्तिवाद करून, गठ्ठ्यामागचे व्यापारी कारण समजावून दिले होते.

सगळ्या वाहिन्या सुट्या केल्या तर प्रेक्षक घटतील, प्रेक्षक घटले की जाहिरातीचे उत्पन्न घटेल, आणि ती तूट सुट्या किमती वाढवून भरून काढली जाईल. क्रिसिल या पतमापन संस्थेने फेब्रुवारी २०१९ मध्ये हाच इशारा दिला होता: लोकप्रिय दहा वाहिन्या निवडणाऱ्याचे मासिक देयक सुमारे २३०-२४० रुपयांवरून ३०० रुपयांच्या आसपास जाईल. ट्रायने तो अंदाज नाकारला, हेही सांगायला हवे. पण देयके खाली आली असा अनुभव मला तरी कोणी सांगितलेला नाही.

ताळेबंद (धागाकर्ता)

अंतर्गोल यांचे उदाहरण बिनचूक आहे. पण त्यात दडलेल्या दोन अटी आपल्या बाजारात पुऱ्या होत नाहीत. पहिली अट ही की, दोन घरांच्या आवडी एकमेकींच्या उलट असाव्यात. ज्या घराला तिसरी, पाचवी, नववी वाहिनी शून्य रुपयांची वाटते, त्या घराला गठ्ठ्याने काही दिले नाही. दुसरी अट ही की, गठ्ठा एकच असावा. येथे प्रत्येक प्रसारक समूहाचा गठ्ठा वेगळा आहे, आणि प्रत्येकात एक हुकमी वाहिनी व तिच्या आधाराने चालणाऱ्या बाकीच्या अशी रचना आहे. एका घराला चार समूहांतली एकेक वाहिनी हवी असेल, तर त्याला चार गठ्ठे घ्यावे लागतात.

आणि जाहिरातीचा मुद्दा उलट दिशेनेही वाचता येतो. वाहिनी जितक्या घरांत पोचते तितका तिच्या जाहिरातीला भाव येतो. म्हणून न मागितलेली वाहिनी माझ्या घरात असण्यात प्रसारकाचा फायदा आहे. मग त्या उपस्थितीचे पैसे मी का द्यावेत?

कलमदान

या विषयाचा न्यायालयीन प्रवास धाग्यात थोडक्यात आला आहे. तो थोडा विस्ताराने मांडतो, कारण धागाकर्ते ज्या अंतराबद्दल बोलत आहेत त्याचा निर्णय तिथेच झाला.

२०१७ च्या मूळ आदेशात ते अंतर बांधलेले होते. गठ्ठ्याची किंमत त्यातील सुट्या किमतींच्या बेरजेच्या ८५ टक्क्यांहून कमी असू नये, म्हणजे सूट १५ टक्क्यांहून जास्त नसावी, अशी अट होती. स्टार इंडिया आणि विजय टीव्ही या प्रसारकांच्या याचिकेवर मद्रास उच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींमध्ये मार्च २०१८ मध्ये मतभेद झाला, मे महिन्यात तिसऱ्या न्यायमूर्तींच्या मतानंतर आदेश टिकला, पण १५ टक्क्यांची ही अट मनमानी म्हणून रद्द झाली. त्यामुळे फेब्रुवारी २०१९ मध्ये व्यवस्था लागू झाली ती आपल्या कण्याशिवाय. पुढे ७० टक्क्यांपर्यंत सूट दिसली, त्याचे मूळ येथे आहे.

१ जानेवारी २०२० ला ट्रायने दुरुस्ती केली. गठ्ठ्यात येऊ शकणाऱ्या वाहिनीची मर्यादा १९ वरून १२ रुपयांवर आणली, १३० रुपयांत शंभरऐवजी दोनशे वाहिन्या देण्यास सांगितले, घरातील दुसऱ्या जोडणीचे स्थिर शुल्क पहिलीच्या ४० टक्क्यांवर बांधले, आणि किमतींसाठी दोन अटी घातल्या. पहिली अट अशी की, सुट्या किमतींची बेरीज गठ्ठ्याच्या किमतीच्या दीडपटीहून अधिक नसावी; हिशोब केला तर याचा अर्थ सूट फार तर ३३ टक्के. दुसरी अट अशी की, कोणत्याही वाहिनीची सुटी किंमत गठ्ठ्यातील वाहिनीच्या सरासरी किमतीच्या तिपटीहून अधिक नसावी. प्रसारक मुंबई उच्च न्यायालयात गेले. न्यायालयाने ३० जून २०२१ च्या निकालात पहिली अट वैध ठरवली आणि दुसरी रद्द केली. माझ्या मते दुसरी अटच अधिक महत्त्वाची होती, कारण हुकमी वाहिनी महाग आणि बाकीच्या नाममात्र, या रचनेवर तिचाच घाव बसत होता.

पुढे नोव्हेंबर २०२२ मध्ये ट्रायने तडजोड केली: १९ रुपयांची मर्यादा परत आली आणि गठ्ठ्यावरची सूट ४५ टक्क्यांपर्यंत मान्य झाली. १५, ३३ आणि ४५ हे तीन आकडे ओळीने ठेवले की धोरण कोणत्या दिशेने सरकले ते वेगळे सांगावे लागत नाही.

उत्तररात्र

मी टोरांटोजवळ राहतो. कॅनडात नियामकाने मार्च २०१६ पासून दरमहा २५ डॉलरच्या आतला मूळ पॅक सर्व कंपन्यांना सक्तीचा केला आणि त्याच वर्षी डिसेंबरपर्यंत बाकीच्या वाहिन्या सुट्या व लहान संचांतही उपलब्ध करायला लावल्या. कल्पना उत्तम होती. प्रत्यक्षात मूळ पॅकवर बॉक्सचे भाडे वेगळे, पूर्वीच्या सवलती रद्द, आणि सुट्या वाहिन्यांचे दर असे की सात-आठ निवडल्या की जुना मोठा पॅक परवडला असे वाटावे. हा अनुभव धागाकर्त्यांच्या मांडणीशी जुळतो.

अमेरिकेत तर नियामक स्वतःच दोन्ही बाजूंनी बोलून गेला आहे. तेथील एफसीसी या दूरसंचार आयोगाने २००४ मध्ये अहवाल दिला की सुट्या विक्रीने बहुतेक ग्राहकांचा खर्च वाढेल; २००६ मध्ये त्याच आयोगाने आधीच्या अभ्यासातल्या चुका दाखवून ग्राहकाची बचत होऊ शकते असा नवा अहवाल दिला. २०१३ मध्ये सिनेटर जॉन मॅकेन यांनी सुट्या विक्रीला चालना देणारे विधेयक मांडले, ते पुढे गेले नाही. सक्तीचा नियम कॅनडापाठोपाठ भारतानेही करून दाखवला, आणि याची अमेरिकेत फारशी दखल घेतली जात नाही याचे मला नवल वाटते.

शिवारफेरी

शहरातील मंडळींच्या चर्चेत एक मोठा वर्ग सुटतो आहे. आमच्याकडे मराठवाड्यात वाड्या-वस्त्यांवर केबलची तार पोचत नाही आणि महिन्याला अडीचशे रुपये देण्याची ऐपत सर्वांची नाही. तिथे डीडी फ्री डिश चालते: छत्री आणि बॉक्स यांचा एकदाचा खर्च, नंतर मासिक शुल्क काहीच नाही. सह्याद्री तर दिसतेच, आणि काही खासगी मराठी वाहिन्याही दिसतात. मार्च २०१९ मध्ये, म्हणजे सुट्या विक्रीचा नियम लागू होताच, मोठ्या समूहांनी आपल्या जुन्या मालिका दाखवणाऱ्या हिंदी वाहिन्या फ्री डिशवरून काढून घेतल्या. सशुल्क गठ्ठ्यातली वस्तू फुकट कुठे मिळू नये, हा विचार त्यामागे असावा. वर्षभराने त्याच वाहिन्या परत आल्या, कारण ग्रामीण प्रेक्षक गेला की जाहिरातदारही हात आखडता घेतो. ज्याला गठ्ठाही परवडत नाही आणि सुटी वाहिनीही परवडत नाही, त्याच्यासाठी खरी स्पर्धा ही आहे.

खारफुटी

लहान वाहिन्यांचे काय, हा प्रश्न अजून कोणी विचारला नाही. सुट्या विक्रीत लोकप्रिय वाहिनी तगेल. शास्त्रीय संगीताची, ग्रंथव्यवहाराची किंवा कोकणीतील एखादी वाहिनी मुद्दाम यादीतून शोधून कोण घेईल? अंतर्गोल म्हणतात ते मला इथे पटते. मात्र उलट बाजूही दिसते: इतकी वर्षे गठ्ठ्यांचे राज्य असूनही अशा मराठी वाहिन्या उभ्या राहिल्या नाहीत. गठ्ठ्यात भरती झाली ती त्याच समूहाच्या जुन्या चित्रपटांची आणि पुनःप्रक्षेपणांची.

दुसरी अडचण ज्येष्ठांची. ट्रायने २०२० मध्ये वाहिन्या निवडण्यासाठी ॲप काढले, ते उपयुक्त होते. पण माझ्या आईसारख्या ग्राहकाला वाहिनीचा क्रमांक पाठ असतो, ॲप नव्हे.

अंतर्गोल

खारफुटी यांचा आक्षेप मान्य. गठ्ठ्यामुळे लहान वाहिनीला जागा मिळू शकते, मिळतेच असे नाही.

तरीही एक प्रश्न विचारतो. सशुल्क डिशचे सक्रिय ग्राहक काही वर्षांपूर्वी सात कोटींच्या घरात होते, ते आता सहा कोटींच्या खाली आले आहेत. लोक मोबाइलवरील सेवांकडे वळत आहेत, आणि त्या सेवाही शेवटी गठ्ठेच विकतात. तिथे तर किमतीवर कोणाचेच नियंत्रण नाही. मग केबलच्या गठ्ठ्याला बांधून घालण्यात अर्थ किती?

ताळेबंद (धागाकर्ता)

ट्रायने तुमचाच तर्क स्वीकारलेला दिसतो. जुलै २०२४ मध्ये स्थिर शुल्काची मर्यादाच काढून टाकण्यात आली, आणि वितरकाला स्वतःचा गठ्ठा बांधताना पूर्वी १५ टक्के सूट देता येत असे ती ४५ टक्के झाली. पण नेमके त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये स्टार आणि व्हायाकॉम १८ या प्रसारक समूहांचे एकत्रीकरण पूर्ण झाले, आणि स्टार प्रवाह व कलर्स मराठी या एकमेकींशी स्पर्धा करणाऱ्या वाहिन्या एकाच छत्राखाली आल्या. विक्रेते कमी झाले की नियमांची गरज वाढते. आपल्याकडे दोन्ही गोष्टी उलट क्रमाने घडल्या. मोबाइलवरील सेवा एका महिन्यात बंद करता येते. केबलची जोडणी बंद करणे म्हणजे घरातल्या वडीलधाऱ्यांचा दिवस बंद करणे, म्हणून तिथला ग्राहक तितका मोकळा नसतो.

प्रसारक आणि वितरक भांडले की काय होते, तेही फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसले. नव्या दरांच्या करारावर सही न करणाऱ्या केबल कंपन्यांचा पुरवठा मोठ्या प्रसारकांनी थांबवला आणि, केबल महासंघाच्या म्हणण्यानुसार, साडेचार कोटी घरांतल्या वाहिन्या काही दिवस गेल्या. सुटी असो की गठ्ठ्याची, वाहिनी मागण्याचा ग्राहकाचा हक्क त्या दिवसांत कोणाच्याच विचारात नव्हता.

माझी मागणी मर्यादित आहे. मुंबई उच्च न्यायालयाने रद्द केलेल्या दुसऱ्या अटीसारखे काहीतरी, न्यायालयात टिकेल अशा आधारासह, पुन्हा आणावे. आणि तोपर्यंत पॅकच्या प्रत्येक पावतीवर, त्या घरात खरोखर पाहिल्या जाणाऱ्या पाच वाहिन्या सुट्या घेतल्या तर किती रुपये पडतील, तो आकडा छापावा.

जोडणी

दुसरी मागणी तांत्रिकदृष्ट्या पूर्ण करता येईल, पण एक दुरुस्ती सुचवतो. कोणत्या घरात काय पाहिले जाते हे सामान्य केबल बॉक्समधून आमच्याकडे परत येत नाही, त्यामुळे "पाहिल्या जाणाऱ्या पाच" असे पावतीवर लिहिता येणार नाही. ग्राहकाने स्वतः पाच नावे दिली, तर ज्या संगणक प्रणालीतून आम्ही पॅक चालू करतो तिच्यातच प्रत्येक वाहिनीची सुटी किंमत असते, आणि बेरीज लगेच निघते. पावतीचा नमुना मात्र वितरकाचा असतो. त्यात रकाना वाढवायचा तर सूचना ट्रायकडून वितरकाला जायला हवी, आमच्या पातळीवर ते होणार नाही. ज्यांना आजच हिशोब हवा आहे त्यांनी आपल्या केबलचालकाला नावांची यादी लिहून द्यावी, तोंडी सांगू नये, आणि क्रिकेटच्या मालिकेच्या तोंडावर बदल मागू नये, कारण त्या आठवड्यात आमचा फोन कोणालाच लागत नाही.